वायरलेस स्पीकर व्हॉइस असिस्टंटला जोडलेला राहत नाही: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबायचे

व्हॉइस असिस्टंटला बाहेरचा वायरलेस स्पीकर जोडला की पहिले दोन-तीन दिवस सगळे सुरळीत चालते. मग एक दिवस असिस्टंट हाकेला ओ देतो, त्याचा दिवाही लागतो, पण गाणे मोठ्या स्पीकरऐवजी त्याच्याच लहान स्पीकरमधून वाजू लागते किंवा कुठूनच ऐकू येत नाही. पुन्हा जोडले की चालते आणि काही दिवसांनी पुन्हा तुटते. हा बिघाड मी स्वतःच्या घरी, नातेवाइकांकडे आणि कामाच्या ठिकाणी अनेकदा दुरुस्त केला आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की बहुतेक वेळा स्पीकरही बिघडलेला नसतो आणि असिस्टंटही. दोघांनी एकमेकांची जी ओळख साठवून ठेवलेली असते तिच्यात घोळ झालेला असतो, किंवा त्या वेळी स्पीकर भलत्याच उपकरणाशी जोडलेला असतो. म्हणूनच सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा, उपाय मी येथे अगदी शेवटी ठेवला आहे. तो आधी केला तर मूळ कारण सापडत नाही आणि आठवडाभरात तीच तक्रार परत येते.

या लेखात ‘असिस्टंट’ म्हणजे तुमचे बोलणे ऐकणारे उपकरण, उदाहरणार्थ ॲमेझॉन इको किंवा गूगल नेस्ट, आणि ‘स्पीकर’ म्हणजे त्याला बाहेरून जोडलेला ब्लूटूथचा किंवा वाय-फायचा स्पीकर. दोन्ही उपकरणांतून आवाज येत असल्यामुळे हा फरक सुरुवातीलाच मनात पक्का केलेला बरा.

लक्षणे

तपासणीला हात घालण्यापूर्वी नेमके काय घडते ते दोन ओळींत लिहून ठेवा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही, पण पुढीलपैकी कोणते लक्षण आहे हे ठरले की निम्मे काम झाले असे समजावे.

पहिले लक्षण म्हणजे जोडणी करताना स्पीकर यादीत दिसतच नाही. दुसरे याहून फसवे आहे: स्पीकर यादीत दिसतो, त्याच्या नावावर बोट ठेवले की काही सेकंद चक्र फिरते आणि जोडणी झाली नाही असा संदेश येतो. तिसरे आणि सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे, की जोडणी होते, गाणीही वाजतात, पण मध्ये काही वेळ शांतता गेली की स्पीकर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हाताने जोडावा लागतो. चौथ्यात ॲपमध्ये ‘कनेक्टेड’ असे दिसत असूनही आवाज असिस्टंटमधूनच येतो. पाचव्यात उत्तराचे पहिले एक-दोन शब्द गिळले जातात, म्हणजे ‘आज पाऊस पडण्याची शक्यता आहे’ याऐवजी ‘पडण्याची शक्यता आहे’ एवढेच ऐकू येते. सहाव्यात आवाज तुटक येतो. सातवे लक्षण वाय-फाय स्पीकरचे असते: बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमधून तो व्यवस्थित चालतो, पण असिस्टंट म्हणतो की उपकरण प्रतिसाद देत नाही. आठवे लक्षण जोडणीचे नसूनही जोडणीच्याच नावावर खपते, ते म्हणजे गाणे मोठ्याने चालू असताना असिस्टंटला आपली हाक ऐकूच जात नाही.

तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे

पहिली तपासणी वीज, बॅटरी आणि झोप यांची. बॅटरीवर चालणारे बहुतेक स्पीकर काही मिनिटे आवाज आला नाही की आपोआप बंद होतात. गाणी ऐकताना हे लक्षात येत नाही, कारण गाणी सलग चालतात. असिस्टंटचे तसे नसते. तो सकाळी हवामान सांगतो आणि नंतर दुपारपर्यंत गप्प असतो. तेवढ्यात स्पीकर झोपी जातो, आणि झोपलेल्या स्पीकरला असिस्टंट ब्लूटूथवरून जागे करू शकत नाही. त्यासाठी स्पीकरचे बटणच दाबावे लागते. तिसऱ्या लक्षणाचे हे सर्वांत सरळ कारण आहे आणि त्याची तपासणी फुकट आहे. स्पीकर सुटल्याचे कळताच आधी त्याचा दिवा पाहा. दिवा विझलेला असेल तर जोडणीला हात लावू नका, स्पीकरच्या ॲपमध्ये किंवा माहितीपुस्तिकेत आपोआप बंद होण्याची वेळ बदलता येते का ते शोधा. काही स्पीकर चार्जर लावलेला असताना बंद होत नाहीत, तर काही तेव्हाही होतात. ज्या स्पीकरमध्ये ही वेळ बदलताच येत नाही, तो असिस्टंटच्या कायमच्या जोडीला योग्य नाही हे मान्य करावे लागते. सेटिंगशी कितीही खटपट केली तरी तो रोज झोपणारच.

पाचवे लक्षणही याच कुटुंबातले आहे. स्पीकर पूर्ण बंद झालेला नसतो, पण वीज वाचवण्यासाठी त्याचा ध्वनिवर्धक भाग डुलकी घेत असतो आणि आवाज आल्यावर जागा व्हायला त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यात पहिले शब्द निघून जातात. हा दोष नाही, स्वभाव आहे. वीज वाचवण्याचे सेटिंग बंद करता आले तर तो जातो, नाहीतर राहतो.

दुसरी तपासणी आवाजाच्या पातळीची आहे आणि ती अर्ध्या मिनिटात होते. असिस्टंटची पातळी वेगळी आणि स्पीकरची वेगळी असू शकते. एकाची दहावर आणि दुसऱ्याची शून्याजवळ असेल तर जोडणी उत्तम असूनही काही ऐकू येणार नाही. स्पीकरवरची बटणे हाताने दाबून पातळी मध्यावर आणा आणि मग असिस्टंटला आवाज वाढवायला सांगा.

तिसरी तपासणी मात्र सावकाश करावी, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गुन्हेगार येथे सापडले आहेत. ब्लूटूथ स्पीकर चालू झाला की ज्या उपकरणांशी तो पूर्वी जोडला गेला होता त्यांचा शोध घेतो, आणि त्यांपैकी जे आधी भेटेल त्याच्याशी जोडला जातो. घरातल्या चार जणांनी कधी ना कधी आपला फोन त्याला जोडला असेल तर त्या चारही फोनांची ओळख त्याच्याजवळ असते. असिस्टंट हा त्या रांगेतला पाचवा, आणि बऱ्याच स्पीकरांना एका वेळी एकच जोडणी चालते.

एका नातेवाइकांकडे स्पीकर रोज सकाळी असिस्टंटला नकार द्यायचा. त्यांनी तीनदा रीसेट करून पाहिले होते. मी गेलो तेव्हा स्पीकरच्या कडेचा निळा दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. बहुतेक स्पीकरांत लुकलुकणारा दिवा म्हणजे ‘कोणी भेटते का ते पाहतो आहे’ आणि स्थिर दिवा म्हणजे ‘कोणाशी तरी जोडलेला आहे’. असिस्टंट तर जोडलेला नव्हता, म्हणजे जोडीदार दुसराच होता. एकेकाचा फोन पाहिला, सगळ्यांचे ब्लूटूथ बंद होते. शेवटी कपाटाच्या खालच्या खणात चार्जिंगला लावून विसरलेला मुलांचा जुना टॅब्लेट सापडला. त्याच्या पडद्यावर स्पीकरच्या नावापुढे ‘कनेक्टेड’ असे स्वच्छ लिहिलेले होते. प्रत्येक रीसेटनंतर मुलांनी गाण्यांसाठी तो पुन्हा जोडला होता, आणि स्पीकर चालू झाला की टॅब्लेट असिस्टंटच्या आधी पुढे व्हायचा. टॅब्लेटमधून स्पीकरचे नाव काढून टाकले आणि तक्रार संपली.

म्हणून घरातल्या प्रत्येक फोनचे, टॅब्लेटचे, लॅपटॉपचे आणि टीव्हीचे ब्लूटूथ दहा मिनिटांसाठी बंद करा, स्पीकर बंद करून पुन्हा चालू करा आणि मगच असिस्टंटला जोडायला सांगा. एवढ्याने जोडणी झाली तर कारण सापडले. नुसते ब्लूटूथ बंद ठेवून भागत नाही, कारण उद्या कोणीतरी ते चालू करणारच. त्या उपकरणांच्या यादीतून स्पीकर कायमचा काढावा लागतो, त्यासाठी सेटिंगमध्ये ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ असा पर्याय असतो. येथे एक उलट चूकही होते: स्पीकर चांगला आहे ना हे पाहण्यासाठी आपण तो आपल्या फोनला जोडतो, गाणे वाजते, समाधान होते, आणि आपला फोनही त्या रांगेत जाऊन बसतो. अशी चाचणी जरूर करावी, ती फार उपयोगी आहे, पण झाल्यावर फोनमधून ती ओळख लगेच पुसावी. हाच नियम असिस्टंटच्या बाजूलाही लागू होतो. इको एका वेळी एकाच ब्लूटूथ उपकरणाशी जोडला जातो. एखाद्याने गाणी ऐकण्यासाठी आपला फोन इकोला जोडून ठेवला असेल तर इकोजवळ स्पीकरसाठी जागाच उरत नाही.

चौथी तपासणी जागेची. ब्लूटूथ आणि वाय-फायचा जुना पट्टा हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर काम करतो. गाणी वाहून नेणारे ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ मार्गिकांत तुकडे करते आणि सेकंदाला १६०० वेळा मार्गिका बदलते, त्यामुळे थोड्याफार गर्दीतून ते वाट काढते. पण राउटर, असिस्टंट आणि स्पीकर एकाच फळीवर खेटून ठेवले, किंवा वेगवान यूएसबी ३ची हार्ड डिस्क राउटरला लावून शेजारीच ठेवली, तर वाट काढायलाही जागा उरत नाही आणि आवाज तुटू लागतो. धातूचे कपाट, आरसा, माशांची टाकी हे मोठे अडथळे आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात आणि माणसाच्या शरीरातही पाणीच असते, म्हणून मधल्या वाटेवर कोणी उभे राहिले की आवाज अडखळतो असे काही जण सांगतात ते खरे असते.

घरगुती ब्लूटूथ स्पीकरांचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरला जातो, भिंती आल्या की तो कमी होतो. उलट फार जवळही ठेवू नये. असिस्टंट आणि स्पीकर यांच्यात किमान एक मीटर अंतर असावे, ही गोष्ट आठव्या लक्षणाशी जोडलेली आहे. असिस्टंट स्वतःच्या स्पीकरमधून गाणे वाजवतो तेव्हा आपण काय वाजवत आहोत हे त्याला अचूक माहीत असते आणि मायक्रोफोनने ऐकलेल्यातून तेवढे तो वजा करतो, म्हणून गाणे चालू असतानाही आपली हाक त्याला कळते. बाहेरच्या ब्लूटूथ स्पीकरचा आवाज त्याच्यापर्यंत उशिरा आणि वेगळ्या रूपात पोहोचतो, त्यामुळे ही वजाबाकी नीट जमत नाही. स्पीकरचे तोंड असिस्टंटकडे नसावे आणि असिस्टंट बोलणाऱ्याच्या जवळ असावा, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. जागा बदलून पाहण्याची चाचणी सोपी आहे: दोन्ही उपकरणे राउटरपासून दूर, एकाच खोलीत, दीड-दोन मीटर अंतरावर, मध्ये अडथळा न येऊ देता ठेवा. तेथे नीट चालले तर दोष जागेचा आहे, मग एकेक वस्तू मूळ ठिकाणी परत नेत कोणत्या टप्प्यावर बिघडते ते पाहा.

पाचवी तपासणी पेअरिंग मोडची, आणि ती मुख्यतः पहिल्या लक्षणासाठी आहे. स्पीकर चालू असणे आणि तो नवी ओळख करून घ्यायला तयार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साध्या चालू स्थितीत तो फक्त जुन्या ओळखीच्यांना शोधतो, नवख्यांना दिसत नाही. नवख्यांना दिसण्यासाठी ब्लूटूथचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि मग दिवा भरभर लुकलुकू लागतो किंवा स्पीकर तसे बोलून सांगतो. ही स्थिती थोडाच वेळ टिकते, म्हणून आधी असिस्टंटच्या ॲपमधील शोधाचा पडदा उघडून ठेवावा आणि मग बटण दाबावे. इकोच्या अलेक्सा या ॲपमध्ये उपकरणांच्या यादीतून आपला इको निवडला की ब्लूटूथ उपकरणे जोडण्याची जागा मिळते. गूगलच्या होम ॲपमध्ये त्या उपकरणाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट म्युझिक स्पीकर’ असा पर्याय असतो.

एवढे करूनही स्पीकर जोडला जात नसेल तर त्याचे वय पाहा. ब्लूटूथच्या २.१ या आवृत्तीने २००७ मध्ये जोडणीची अशी पद्धत आणली की आकडे टाइप न करताही दोन उपकरणांची ओळख होऊ शकते. त्याआधीचे स्पीकर ०००० सारखा पिन मागतात, आणि असिस्टंटला तो टाइप करायला जागाच नसते. अशा स्पीकरच्या मागे वेळ घालवू नये. त्याला ३.५ मिलिमीटरची वायर लावण्याची सोय असेल आणि असिस्टंटलाही असेल तर वायरने जोडावा, तो वर्षानुवर्षे विनातक्रार चालेल. खरे सांगायचे तर कायम एकाच जागी राहणाऱ्या स्पीकरसाठी मी वायरच सुचवतो. ॲपलचा होमपॉड हा असिस्टंट वापरणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तो बाहेरच्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज पाठवतच नाही, त्याची पद्धत एअरप्लेची, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या वायरलेस आवाज पाठवण्याच्या पद्धतीची आहे. तेथे ब्लूटूथची यादी शोधत बसण्यात अर्थ नाही, एअरप्ले समजणाराच स्पीकर हवा.

सहावी तपासणी म्हणजे दोन्ही बाजूंनी ओळख पुसणे. दुसऱ्या लक्षणाचे, म्हणजे यादीत दिसतो पण जोडला जात नाही याचे, उत्तर बहुधा येथेच असते. पहिल्यांदा जोडणी होताना दोन्ही उपकरणे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याजवळ साठवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत ती किल्ली जुळते का हे पाहिले जाते. आता समजा कोणी स्पीकर रीसेट केला, तर त्याच्याजवळची किल्ली गेली, पण असिस्टंटजवळची जुनी किल्ली तशीच आहे. असिस्टंट जुनी किल्ली पुढे करतो, स्पीकर ती ओळखत नाही आणि जोडणी मध्येच पडते. कोणी रीसेट केलेले नसतानाही हे घडू शकते, कारण स्पीकरच्या स्मरणात ठरावीक उपकरणांचीच जागा असते. नवे फोन जोडत गेले की सर्वांत जुनी ओळख आपोआप गळते, आणि घरी पाहुणे येऊन गेल्यावर असिस्टंट का तुटला हे कोणालाच कळत नाही.

एका बाजूने पुसणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि लोक नेमके तेवढेच करतात. असिस्टंटच्या ॲपमधून स्पीकरचे नाव काढा. त्यानंतर स्पीकरची जोडण्यांची यादीही पुसा; बऱ्याच स्पीकरांत त्यासाठी दोन बटणे एकत्र दाबून धरायची असतात, कोणती ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मग दोन्ही उपकरणे बंद करा, असिस्टंटचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा, आणि घरातली बाकी ब्लूटूथ बंद असतानाच सर्वांत आधी असिस्टंटशी जोडा. क्रम महत्त्वाचा आहे. जोडणी झाल्यावर ‘डिस्कनेक्ट’ आणि पुन्हा ‘कनेक्ट’ असे दोन-तीनदा तोंडी सांगून पाहा, स्पीकर बंद करून चालू करून पाहा. एकदा वाजले म्हणजे दुरुस्त झाले असे नाही. बंद-चालू केल्यानंतरही आपण होऊन जोडला गेला तरच काम झाले.

सातवी तपासणी असिस्टंटच्या सेटिंगची, चौथ्या लक्षणासाठी. जोडणी ठीक आहे पण असिस्टंटला आवाज तिकडे पाठवायचा आहे हे सांगितलेलेच नाही, असे येथे असते. गूगलच्या उपकरणांत बाहेरचा स्पीकर मुख्य म्हणून निवडला तरी त्यावर फक्त संगीत जाते. प्रश्नांची उत्तरे, गजर आणि टायमर असिस्टंटच्याच तोंडून येतात. ते तसेच असायचे आहे, त्याला बिघाड समजून कोणीही रीसेटपर्यंत जाऊ नये. अलेक्साच्या अनेक खोल्यांत एकाच वेळी गाणी वाजवण्याच्या गटात ब्लूटूथने जोडलेला स्पीकर धरला जात नाही, हेही ठाऊक असावे. नावांकडेही लक्ष द्या. स्पीकरला ‘हॉल’, खोलीला ‘हॉल’ आणि असिस्टंटलाही ‘हॉल’ असे नाव दिले असेल तर ‘हॉलमध्ये गाणे लाव’ म्हटल्यावर आवाज कुठे जाईल याचा भरवसा नाही. प्रत्येकाला उच्चारायला वेगळे आणि सोपे नाव द्यावे.

वाय-फाय स्पीकर असेल तर

सातवे लक्षण असणाऱ्यांनी येथून वाचावे, कारण वाय-फाय स्पीकरची जोडणी ब्लूटूथसारखी दोघांत सरळ होत नाही, राउटर मध्ये असतो आणि बहुतेकदा कंपनीचे अकाउंटही.

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे फोन, असिस्टंट आणि स्पीकर एकाच नेटवर्कवर आहेत ना हे पाहणे. तिघांच्याही सेटिंगमध्ये नेटवर्कचे नाव अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. पाहुण्यांसाठीचे नेटवर्क मुद्दाम असे बनवलेले असते की त्यावरची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत. काही राउटरमध्ये मुख्य नेटवर्कवरही असे विलगीकरण चालू असते, त्याला ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ म्हणतात. इंटरनेट उत्तम चालते, प्रत्येक उपकरण सुटे सुटे ठीक असते, आणि तरीही ती एकमेकांना सापडत नाहीत. आमच्या कामाच्या ठिकाणी बैठकीच्या खोलीतला स्पीकर याच कारणाने कित्येक दिवस गप्प होता: असिस्टंट पाहुण्यांच्या नेटवर्कवर आणि स्पीकर मुख्य नेटवर्कवर.

फोनवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, चालू असेल तर जोडणी पूर्ण होईपर्यंत बंद ठेवा, कारण त्यामुळे फोन स्थानिक नेटवर्कच्या बाहेर असल्यासारखा वागू शकतो. परवानग्याही पाहा. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲप स्थानिक नेटवर्क पाहण्याची परवानगी मागते. तेव्हा घाईत नकार दिला असेल तर ते ॲप स्पीकर शोधूच शकत नाही. अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथच्या शोधासाठी लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून जवळपासच्या उपकरणांसाठी निराळी परवानगी आहे. अनेक वाय-फाय स्पीकरांची पहिली जोडणी ब्लूटूथच्याच मदतीने होते, म्हणून हे येथेही लागू आहे.

पुष्कळ स्पीकर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय समजतात. राउटरने ५ गिगाहर्ट्झचेच नेटवर्क चालू ठेवले असेल तर अशा स्पीकरला ते दिसणारच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए ३, म्हणजे नवीन प्रकारचा, ठेवला असेल तरी जुनी उपकरणे बाहेर राहतात. डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र असा पर्याय निवडल्यावर ती आत येतात. सुरक्षा पूर्ण काढून टाकण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी असेल तर राउटरला १, ६ किंवा ११ या चॅनेलांपैकी एक द्यावे, कारण हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

हे सगळे जुळत असेल आणि कंपनीच्या ॲपमधून स्पीकर चालत असेल, तर अकाउंटचा दुवा तुटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही स्पीकरच्या कंपनीच्या अकाउंटचा पासवर्ड बदलता, आणि असिस्टंटला त्या अकाउंटने दिलेली परवानगी रद्द होते. कोणताही इशारा येत नाही, असिस्टंट फक्त ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणत राहतो. असिस्टंटच्या ॲपमध्ये जाऊन त्या कंपनीची सेवा काढून टाका, पुन्हा जोडा आणि उपकरणांचा शोध नव्याने घ्या. यादीत एकाच स्पीकरची दोन नावे दिसू लागली तर त्यांतले जुने काढून टाका, नाहीतर असिस्टंट त्या मेलेल्या नावालाच हाका मारत राहील.

अपडेट आणि मग रीसेट

येथपर्यंत येऊनही दुरुस्ती झाली नसेल तर दोन्ही उपकरणांचे फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. असिस्टंट ते स्वतःहून करतो, स्पीकरसाठी त्याचे ॲप उघडावे लागते. अपडेट चालू असताना वीज जाणार नाही आणि बॅटरी पुरेशी भरलेली आहे याची खात्री करूनच सुरुवात करा. अर्धवट राहिलेल्या अपडेटने चांगला स्पीकर निकामी होऊ शकतो.

फॅक्टरी रीसेट करायचाच असेल तर आधी स्पीकरचा करा. ब्लूटूथ स्पीकर असेल तर त्यात जोडण्यांच्या यादीपलीकडे फारसे काही जात नाही. असिस्टंटचा रीसेट सर्वांत शेवटी, कारण तो पुन्हा पहिल्यापासून वाय-फायशी आणि अकाउंटशी जोडावा लागतो, त्याच्या जोडण्या आणि त्याच्यावर बेतलेली सेटिंगे नव्याने करावी लागतात. ती आधी कागदावर उतरवून घ्या. रीसेटनंतर सहाव्या तपासणीतला क्रम जसाच्या तसा पाळा.

कुठे थांबावे

स्पीकरची बॅटरी फुगून त्याचे आवरण वर आले असेल, चार्जिंग करताना तो हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, जळका वास येत असेल किंवा आत पाणी गेले असेल, तर वरची एकही तपासणी करू नका. चार्जर काढा, तो पुन्हा लावू नका, स्पीकर पेट घेण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि अधिकृत दुरुस्ती केंद्राला कळवा. लिथियम-आयन बॅटरी टोचणे, दाबणे किंवा स्पीकर उघडून ती काढायला पाहणे धोक्याचे आहे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ‘नुसते उघडून बघतो’ असे म्हणणारे हौशी लोक मी पाहिले आहेत.

बाकीच्या बाबतीत अदलाबदलीची एक चाचणी निर्णय देते. स्पीकर दोन वेगवेगळ्या फोनांना जोडून पाहा, आणि असिस्टंटला दुसरा एखादा स्पीकर जोडून पाहा. स्पीकर फोनांशीही जोडला जात नसेल किंवा जोडल्यावर काही मिनिटांत सुटत असेल, तर दोष त्याच्या ब्लूटूथच्या भागात किंवा बॅटरीत आहे आणि तो घरी दुरुस्त होण्यासारखा नाही. असिस्टंट कोणत्याच स्पीकरशी जोडला जात नसेल तर त्याच्या कंपनीच्या मदत केंद्राशी बोला. दोन्ही उपकरणे इतरांशी नीट चालतात पण एकमेकांशी नाही, आणि सहावी तपासणी दोनदा करून झाली आहे, अशी स्थिती असेल तर त्या दोघांचे जमत नाही असे धरून चालावे आणि वायरचा मार्ग घ्यावा. राउटर तुमच्या ताब्यातला नसेल, म्हणजे कार्यालयाचा, वसतिगृहाचा किंवा घरमालकाचा असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये स्वतः हात न घालता जो तो सांभाळतो त्याला विलगीकरणाबद्दल आणि २.४ गिगाहर्ट्झबद्दल नेमके विचारा.

वॉरंटी शिल्लक असताना स्पीकर उघडू नका आणि दुसऱ्या कोणाकडून उघडूनही घेऊ नका. तंत्रज्ञाकडे जाताना दोन्ही उपकरणांचे मॉडेल क्रमांक, फर्मवेअरच्या आवृत्त्या, सुटण्याच्या क्षणी दिवा विझलेला होता, स्थिर होता की लुकलुकत होता, आणि अदलाबदलीच्या चाचणीत काय झाले, एवढे कागदावर घेऊन जा. शक्य असेल तर स्पीकर सुटतानाचे छोटे चित्रण फोनवर करून ठेवा, कारण दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला की तो हमखास वाजतो.